बूट दाराशी, पाय कुणाच्या हवाली?

गेल्या महिन्यात या सदरात मी गिझरच्या दुरुस्तीबद्दल लिहिलं होतं. ओघात एक वाक्य येऊन गेलं : ‘घरी आलेल्या वायरमनला सरसकट पायातलं काढायला लावू नका.’ गिझरबद्दल कुणीही काही विचारलं नाही. या एका वाक्यावर मात्र पत्रांचा ढीग पडला. काहींनी माझे संस्कार काढले, काहींनी पाठ थोपटली आणि ज्यांचा रोज दहा उंबऱ्यांशी संबंध येतो त्यांनी आपापली गाऱ्हाणी मांडली. म्हणून हा लेख त्या पत्रांसाठी.

माझी हयात आयटीआयमध्ये मुलांना वायरमनचं काम शिकवण्यात गेली. त्याआधी काही वर्षं मीच खांद्याला पिशवी लावून दारोदार फिरलो. त्यामुळे उंबऱ्याच्या दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत. उत्तरं वेगवेगळी असली तरी त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती आधीच सांगतो. कामावर आलेल्या माणसाला ‘बूट काढा’ म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. पण ते म्हटल्या क्षणी त्याच्या पायांची जबाबदारी तुमच्याकडे येते.

शंका : आमचे देव स्वयंपाकघरातच आहेत. परवा पाण्याच्या फिल्टरची सर्व्हिसिंग करायला मुलगा आला, तो बुटांसकट थेट ओट्यापर्यंत. ‘बूट काढ ना रे बाबा,’ म्हटलं तर म्हणाला, ‘कंपनीचा नियम आहे, मॅडम.’ असा नियम खरंच असतो का? आणि माझ्या घरात नियम माझा चालणार की कंपनीचा? — एक गृहिणी, डोंबिवली

समाधान : असतोही आणि नसतोही. काही कंपन्या आपल्या माणसांना ‘बूट काढू नका’ असं बजावतात, काही नेमकं उलटं सांगतात. बऱ्याच ठिकाणी काहीच सांगितलेलं नसतं आणि मुलगा वेळ वाचवायला ‘कंपनी’चं नाव पुढे करतो. लेसचे बूट दिवसाकाठी आठ-दहा घरी सोडायचे आणि बांधायचे म्हणजे किती कटकट, ते एकदा करून बघा. त्याच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोकही असेल, आणि ते तो तुम्हाला सांगणार नाही.

तुमचं म्हणणं मात्र रास्त आहे, आणि ते निव्वळ सोवळ्या-ओवळ्याचं नाही. बुटाच्या तळव्याला रस्त्यावरची धूळ, थुंकी, गटाराचं पाणी, जनावरांचं शेण असं सगळं चिकटून येतं. घरात रांगतं मूल असेल तर तेच हात तोंडात जातात. फिल्टरचं काम हलकं असतं : दोन पाने आणि एक फिल्टरचं नळकांडं. जड काही पायावर पडायची भीती नसते. तेव्हा बाहेरचे बूट दाराशी काढायला सांगण्यात काहीच गैर नाही.

फक्त दोन गोष्टी करा. त्या जागेवर पाणी सांडतंच, म्हणून त्याला मोज्यांवर उभं करू नका. मोजे ओले झाले की गुळगुळीत टाइल्सवर पाय सटकतो. बाथरूममधले नव्हेत, असे कोरडे रबरी स्लीपर त्याच्यापुढे ठेवा. आणि फिल्टरचा प्लग काढल्याशिवाय त्याला हात घालू देऊ नका. पुढच्या खेपेला तक्रार नोंदवतानाच फोनवर सांगा : ‘आमच्याकडे बूट काढावे लागतील, माणसाला तशी कल्पना द्या.’ दारात उभं राहून घातलेला वाद फोनवरच्या एका वाक्याने टळतो.

शंका : मी परवानाधारक वायरमन आहे. एका बंगल्यात काम होतं. बाईंनी नुकतीच लादी पुसली होती, म्हणून चप्पल बाहेर काढायला लावली. ओल्या लादीवर उभं राहून बोर्ड उघडला आणि सणसणीत झटका बसला. ‘तुम्ही नवशिके दिसता,’ असं वर ऐकून घ्यावं लागलं. चूक कुणाची? — एक वाचक, सांगली

समाधान : आधी तुमची, मग त्यांची. तुम्ही मेन बंद न करता बोर्ड उघडलात. रागावू नका, मी हेच करून बसलो आहे.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. एका घरी गिझर बघायला गेलो होतो. आजी मोठ्या प्रेमळ. दारात चहा आला. मी मोठ्या अदबीने वहाणा काढल्या आणि फडक्याचे ओले पट्टे उमटलेल्या मोरीत शिरलो. गिझरचं एलिमेंट फुटलेलं होतं आणि अर्थिंगची तार कुणीतरी केव्हाच तोडून टाकलेली होती. यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. पत्र्याला हाताची पालथी बाजू लागली आणि मी दारावर जाऊन आदळलो. पालथा हात होता म्हणून वाचलो. विजेने स्नायू आवळले जातात. तळवा लागला असता तर मूठ मिटली असती आणि गिझर माझ्या हातातून सुटला नसता. मेन बंद केला नव्हता ही माझी चूक होतीच, पण पायात कोरडं रबर असतं तर तीच चूक कदाचित चिमट्यावर निभावली असती.

हिशेब सोपा आहे. ओल्या अंगाच्या माणसाचा रोध ढोबळमानाने १,००० ओहम धरतात. घरातली वीज २३० व्होल्टची. भागाकार केला की २३० मिलिअँपिअर येतात. १० मिलिअँपिअरच्या आसपासच हात सोडवता येईनासा होतो. घरातला संरक्षक आरसीसीबी ३० मिलिअँपिअरला वीज तोडतो, कारण त्यापुढे हृदयाला धोका असतो. हातातून शिरलेली वीज पायावाटे जमिनीत जाते, म्हणजे छातीतूनच. ती वाट अडवणारी शेवटची वस्तू म्हणजे पायातलं रबर.

पण रबराचा सोल म्हणजे चिलखत नव्हे. सोल झिजलेला असतो, ओला असतो, कधी त्यात खिळा रुतलेला असतो. पुष्कळ कारखान्यांत मिळणारे सेफ्टी बूट ‘अँटिस्टॅटिक’ असतात. स्थिर वीज हळूहळू झिरपून जावी म्हणून ते मुद्दामच पूर्ण रोधक बनवत नाहीत. बुटावर ‘ए’ अक्षराची खूण दिसली तर त्याच्या भरवशावर चालू तारेला हात लावू नका.

आणखी एक गंमत वायरमन मंडळींसाठी. आपला निऑन टेस्टर पेटतो तो आपल्याच अंगातून जमिनीत जाणाऱ्या नखाएवढ्या विजेवर. जाड रबरी बूट घालून कोरड्या लाकडी स्टुलावर चढलात तर तो इतका मंद लागतो की उजेडात दिसतही नाही, आणि माणूस समजतो की वीज नाही. बूट घातल्यावर टेस्टरवर विसंबू नका. टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर लावा.

आता घरमालकांसाठी. वायरमन येणार असेल त्या दिवशी लादी त्याच्या आधी पुसू नका, नंतर पुसा. तशीही नंतर पुसावीच लागते.

शंका : मी गॅसचे सिलिंडर पोहोचवतो. लोक म्हणतात, ‘चप्पल बाहेर काढ आणि सिलिंडर आत ओट्याखाली ठेव.’ तीस किलो खांद्यावर घेऊन अनवाणी जायचं? नाही म्हटलं की तक्रार करतात. — एक वाचक, नाशिक

समाधान : सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं. बहुधा ते पंधरा-सोळा किलोच्या घरात असतं. त्यात १४.२ किलो गॅस. म्हणजे तुमचा तीस किलोचा अंदाज बरोबर आहे. आता हा सिलिंडर गुडघ्याच्या उंचीवरून, अर्ध्या मीटरवरून निसटला असं धरू. पायावर जो आघात होईल तो सुमारे १५० जूलचा. सेफ्टी बुटांच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस १५२९८च्या दुसऱ्या भागाप्रमाणे, बुटाच्या पुढच्या टोपीने २०० जूलचा आघात सोसला पाहिजे. २०० जूल म्हणजे २० किलोचं वजन साधारण एक मीटरवरून पडल्यासारखं. म्हणजे गुडघ्यावरून निसटलेला सिलिंडर अशा बुटातल्या बोटांना काही करणार नाही. खांद्यावरून निसटला तर मात्र ३५० जूलच्या पुढे जातो. तिथे तो बूटही पुरा पडेलच असं नाही. आणि अनवाणी बोटांचं काय होईल, त्याला गणिताची गरज नाही.

म्हणून माझं उत्तर स्पष्ट आहे : जड वस्तू हातात, खांद्यावर किंवा पाठीवर असताना कुणीही, कुठल्याही घरात, अनवाणी चालू नये. सिलिंडर, फ्रिज, वॉशिंग मशीन, कपाट, ग्रॅनाइटचा ओटा, सगळ्यांना हाच नियम लागू. घरमालकांनो, देवघराचा प्रश्न असेल तर सिलिंडर दारातच उभा ठेवून घ्या आणि आत नेण्याची सोय तुम्ही करा.

आता तुम्हालाही एक गोष्ट सांगतो. पत्रात तुम्ही ‘चप्पल’ लिहिलंय, ‘बूट’ नाही. अंगठ्याची स्लीपर घालून तीस किलो जिना चढवता, तेव्हा पाय जवळजवळ अनवाणीच असतो, शिवाय चप्पल निघून जिन्यात अडखळायची भीती वेगळी. गिऱ्हाइकाशी भांडण्याआधी एजन्सीकडे बुटांसाठी भांडा. पायात टोपीचा बूट असेल तर ‘हा काढता येणार नाही’ हे वाक्य तुमच्या तोंडी शोभेल. रबरी स्लीपरच्या बाबतीत ते शोभत नाही.

शंका : मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. मी बूट काढतेच, त्याबद्दल तक्रार नाही. पण एका घरी आजोबांना पलंगावरून उठवताना मोज्यांवर माझा पाय घसरला. दुसऱ्या घरी कुत्र्याने केलेल्या ओल्यावर पाय पडला. पाय धुवायला मागणंही अवघड वाटतं. — एक वाचक, पुणे

समाधान : पेशंटला आधार देणाऱ्याचा पाय घसरणं हा दोघांचा अपघात असतो, आणि त्यात आजोबांच्या खुब्याचं हाड मोडायची भीती जास्त. म्हणून पेशंटला उठवणारी, चालवणारी, आंघोळ घालणारी कोणतीही व्यक्ती मोज्यांवर काम करणार नाही, असा नियम तुम्हीच करून टाका. जखमेचं ड्रेसिंग करणाऱ्या, इंजेक्शन देणाऱ्या नर्सना तर उघडी बोटं चालतच नाहीत. रक्ताचा थेंब आणि हातातून निसटलेली सुई, दोन्ही सरळ खाली पायावरच येतात.

उपाय सोपा आहे. बुटांचे दोन जोड ठेवा. एक रस्त्याचा, दुसरा फक्त घरात वापरायचा, बंद बोटांचा, पकड असलेल्या तळव्याचा आणि धुता येणारा. दुसरा जोड पिशवीत वेगळा गुंडाळून न्या आणि दारातच घरच्यांना दाखवा : ‘हे मी बाहेर घालत नाही.’ नव्वद टक्के घरांत प्रश्न तिथेच संपेल. उरलेल्या दहा टक्के घरांत नाराजी राहील. ती सोसा, पण घसरू नका. संध्याकाळी तो जोड धुवा, कारण एका घरचं दुसऱ्या घरी नेणारं वाहन तुमचे बूटही असू शकतात.

पाय धुवायला मागायला लाजू नका. बाहेरून आलेल्याच्या पायांवर पाणी घालणं ही तर आपली जुनी रीत. अंगणात पाण्याने भरलेली बादली आणि तांब्या त्यासाठीच असायचा. गेल्या काही पिढ्यांत बादली गेली, तांब्या गेला. काढलेल्या वहाणांचा ढीग तेवढा उरला.

शंका : मी मालमत्तेचं मूल्यांकन करतो. बँकेसाठी रोज तीन-चार घरं आतून बघावी लागतात. मला मधुमेह आहे, पायांची संवेदना कमी झाली आहे आणि डॉक्टरांनी घरातसुद्धा अनवाणी फिरायला मनाई केली आहे. दारात दर वेळी आजार सांगत बसणं जिवावर येतं. काय करावं? — एक वाचक, नागपूर

समाधान : डॉक्टरांचं तंतोतंत पाळा. संवेदना गेलेल्या पायात टाचणी घुसली तरी कळत नाही. मोजा लाल दिसला की कळतं. नागपूरच्या उन्हाळ्यात गच्ची बघायला अनवाणी गेलात तर तळवा भाजेल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. मधुमेही माणसाची अशी जखम महिनोन्‌महिने भरत नाही. काही वेळा बोट गमवावं लागतं.

आजाराचं नाव घ्यायची गरज नाही. ‘डॉक्टरांनी अनवाणी चालायला मना केलंय, मी घरातल्या चपला आणल्या आहेत,’ एवढं पुरे. ‘डॉक्टरांनी’ हा शब्द आपल्याकडे अजून चालतो. त्याउपर कुणी अडून बसलं तर फाइलवर लिहा : आतून पाहू दिलं नाही. कर्ज त्यांना हवं आहे, तुम्हाला नाही.

मात्र पावसाळ्यात पिशवीतला जोड वाळवत जा. ओलसर चपलांनी बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि मधुमेही पायात जंतू शिरायला तेवढी फट पुरते.

शंका : आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. घरात पांढरा गालिचा आहे. बॉयलरची सर्व्हिस करायला आलेल्या इंजिनिअरला नम्रपणे बूट काढायला सांगितलं, तर तो ‘सॉरी’ म्हणून दारातूनच परत जायला निघाला. आमचे संस्कार ते काय जाणणार, असं म्हणायचं का? — एक वाचक

समाधान : तसं म्हणू नका, कारण हा संस्कारांचा प्रश्न नाही. तिथे गॅसचं काम करणाऱ्याचं नाव ‘गॅस सेफ रजिस्टर’मध्ये असावं लागतं आणि कामावरच्या सुरक्षेची जबाबदारी कायद्याने त्याच्या मालकावर असते. १९९२च्या नियमांनुसार गरज असेल तिथे संरक्षक साधनं मालकाने पुरवायची आणि कामगाराने वापरायची. ६ एप्रिल २०२२ पासून हे संरक्षण हंगामी स्वरूपाचं काम करणाऱ्या बऱ्याच कामगारांनाही मिळालं. कायदा असं म्हणत नाही की गिऱ्हाइकाच्या घरात बूट काढायचेच नाहीत. तो म्हणतो, धोका किती आहे ते तोला. पण बॉयलरचं झाकण, जड पाने, गरम पाणी हे सगळं डोळ्यांपुढे आणून पुष्कळ कंपन्या सरळ ‘बूट पायातच’ असं ठरवून टाकतात. तुमच्या इंजिनिअरने बूट काढले असते आणि बोट फुटलं असतं, तर पहिला जाब त्याच्या मालकालाच द्यावा लागला असता.

तिथल्या बऱ्याच कारागिरांकडे बुटांवर चढवायची आवरणं आणि जमिनीवर अंथरायचे जाड कपडे असतात. ते आधी मागा. आवरण गालिच्यावर बरं असतं. ओल्या टाइलवर, जिन्यावर आणि शिडीवर मात्र ते साबणासारखं सटकतं, म्हणून शिडी चढण्याआधी त्याने ते काढलं तर हरकत घेऊ नका. शिडीखाली सुटा कपडा तर मुळीच घालू देऊ नका. तुमच्या गालिच्यावर डाग पडला तर तो धुता येईल. शिडी सरकली तर माणूस पडेल.

संस्कारांची तुलनाच करायची असेल तर जपानकडे बघा. तिथल्या घरांच्या दाराशी ‘गेनकान’ नावाचा थोडा खोलगट भाग असतो. बाहेरचा जोडा तिथे थांबतो. पाहुणा असो की कारागीर, सगळ्यांचा. आपल्याकडे रीत सगळ्यांना सारखी लागू होते का, हे पुढच्या पत्रावरून ठरवा.

शंका : मी एसी मेकॅनिक. एका फ्लॅटमध्ये मला दारातच सांगितलं, ‘बूट बाहेर, आणि मागच्या पॅसेजनेच जा.’ मी काढले. अर्ध्या तासाने साहेबांचे मित्र आले, चकचकीत बूट घालून थेट सोफ्यावर. मॅडम त्यांना म्हणाल्या, ‘अहो, राहू द्या, राहू द्या.’ माझा पाय आणि त्यांचा पाय यात फरक काय? — एक वाचक, ठाणे

समाधान : या पत्राचं उत्तर लिहायला मला दोन दिवस लागले.

‘राहू द्या’ हे आपल्या भाषेतलं मोठं गोड आणि मोठं लबाड वाक्य आहे. लेस सोडायला वाकलेल्या डॉक्टरांना ते म्हटलं जातं, वकिलांना म्हटलं जातं, मुलाच्या बॉसला म्हटलं जातं. प्लंबरला ते म्हटलेलं मी क्वचितच ऐकलं. बॉसचा बूटही त्याच रस्त्यावरून आलेला असतो. जंतूंना पगार कळत नाही.

त्यामागे एक जुनी सावली आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. गावकुसाबाहेरच्या माणसाला वरच्या आळीतून जाताना वहाणा हातात घ्याव्या लागत. ही फार जुनी गोष्ट नाही. माझ्या वर्गातल्या काही मुलांच्या आजोबांनी ती भोगलेली होती. ‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण आपण कुणाला उद्देशून वापरत आलो, तेही आठवावं. म्हणून ‘बूट काढ’ हे शब्द दोन घरांत तेच असले तरी दोन कानांत वेगळे शिरतात. सांगणाऱ्याच्या मनात फक्त लादी असेल. ऐकणाऱ्याच्या मनात आजोबा असू शकतात.

घरमालकांना माझं एवढंच सांगणं. नियम करायचा तर घराचा करा, माणसाचा करू नका. देवघरासाठी असेल तर तो साहेबांच्या मित्रालाही लागतो. तुम्ही स्वतः दारात चप्पल काढून उभे असाल तर सांगावंही लागत नाही. समोरचा आपसूक वाकतो. आणि ‘बूट बाहेर’ याऐवजी ‘आम्ही घरात पायातलं घालत नाही, तुमच्यासाठी या चपला ठेवल्यात,’ असं म्हणून बघा. शब्द चार जास्त लागतात, पण त्यात ‘आम्ही’ आधी येतं.

आणि मेकॅनिक दादा, तुमच्यासाठी कामाचं. आतल्या युनिटचा फिल्टर धुण्यापुरते बूट काढलेत तर चालेल. पण बाहेरचं युनिट छज्ज्यावर किंवा ग्रिलमध्ये असेल तर तिथे पाऊल टाकण्याआधी बूट पायात हवेतच. ते हातात घेऊन खोलीतून जा आणि बाल्कनीच्या दारात बसून घाला. त्या वेळी कुणी हरकत घेतली तर हत्यारं पिशवीत भरा आणि कामाच्या कागदावर कारण लिहून परत या. छज्ज्यावर अनवाणी उतरण्याइतका मान कुठल्याही लादीला देऊ नका.

शंका : माझी शंका छोटी आहे. मी सुतारकाम करतो. गिऱ्हाइकाने सांगितलं म्हणून नवे कोरे सेफ्टी बूट दाराबाहेर काढले. काम आटोपून आलो तर बूट गायब. मालक म्हणाले, ‘बाहेरच्या वस्तूंची जबाबदारी आमची नाही.’ भर मे महिन्यात अनवाणी गाडी चालवत घरी गेलो. भरपाई मागू का? — एक वाचक, कोल्हापूर

समाधान : कायद्याचं वकील सांगतील. रीत मी सांगतो. बूट तुम्ही आपण होऊन बाहेर ठेवले असते तर गोष्ट वेगळी होती. ज्याने काढायला लावले, त्याने राखायला हवे होते.

यापुढे पिशवीत एक जाड कापडी थैली ठेवा. बूट काढा, थैलीत घाला आणि दाराच्या आत ठेवा. ‘आत नको’ म्हणाले तर विचारा, ‘मग लक्ष कोण ठेवणार?’ प्रश्न हसत विचारा, पण विचाराच. घरमालकांनीही दाराच्या आत वर्तमानपत्राचा एक कागद अंथरावा. कामावर आलेल्याचे बूट त्यावर मावतात, आणि कागद रद्दीत गेला की लादीही स्वच्छ राहते.

तुम्ही लिहिलंय की मालक तुम्हाला सोडायला दारापर्यंत आले, त्यांनी तुमच्या पायांकडे बघितलं आणि मग दार लावून घेतलं. नव्या बुटांचे पैसे द्यायचे की नाही, यावर हवा तितका वाद घाला. पण त्या घरात जुन्या चपलांचा एक जोड तरी असणारच होता.